हौदाच्या तोंडाशी

५ फेब्रुवारी

प्रिय ढब्या,

तीन वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय तेही काम निघालं म्हणून. माफ कर. 'वेळ मिळाला नाही' असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. रोजनिशी मी कधी चुकवली नाही. तुला लिहायचं तेवढं राहिलं. पत्ता कारखान्यातल्या पंपवाल्याने दिला. तो तुझ्याशी बोलत असतो हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. दोघंही मूग गिळून बसलो होतो.

तुझा फोन नंबरही त्याच्याकडे आहे. पण फोनवर माझा आवाज चढतो, आणि चढल्यावर मी जे बोलते ते परत घेता येत नाही. कागदावर निदान खोडता येतं.

काम असं. आपल्या कागद कारखान्यात सुरक्षेचं ट्रेनिंग ठरलं आहे. तपासणीला आलेल्या साहेबांनी मालकांना बजावलं, माणसं शिकवा, नाहीतर लगद्याचा हौद बंद ठेवा. मी तिथे ऑफिसात आहे हे तुला कळलंच असेल. तुझे भावोजी गेल्यावर मालकांनीच बोलावून टेबल दिलं. हजेरी, पत्रव्यवहार, आणि आता बाक लावण्यापासून खडू आणण्यापर्यंत या ट्रेनिंगचं सगळं माझ्याकडे.

शिकवायला एक बाई येणार आहेत. पूर्वी अग्निशमन दलात होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं खिळा ठोकल्यासारखं. पहिल्याच भेटीत त्यांनी घडलेलं लिहून मागितलं. मी दिलं ते असं:

'दुरुस्तीसाठी कारखाना काही दिवस बंद होता. हौदात जुना लगदा तसाच राहिला. पुन्हा सुरू करताना तळाचं तोंड तुंबलेलं निघालं. ते मोकळं करायला फिटर शिडीने उतरले. लगदा ढवळला तसा गॅस वर आला आणि ते पडले. वेल्डर आणि पंप चालवणारा त्यांना काढायला धावले. फिटरच्या मदतनिसाने दोघांना अडवलं, उतरू दिलं नाही. बंब आला तोवर उशीर झाला होता.'

बाईंनी वाचलं आणि विचारलं, "हा मदतनीस कोण?"

"माझा भाऊ."

"आणि फिटर?"

"माझे मिस्टर."

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.  मग म्हणाल्या, "भाऊ कुठे असतो?"

त्यांना तू हवा आहेस. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायला, की दोन धडधाकट माणसं तू कशी अडवलीस. त्यांचं म्हणणं, बाकी सगळं शिकवता येतं, हे एक शिकवता येत नाही. आत माणूस पडला की बाहेरचा उतरतोच, आणि एकाचे तीन होतात. आपल्या लोकांना विचारून पाहिलं तर वेल्डर म्हणाला, "बाई, तुम्ही काहीही सांगा. आपला माणूस आत तडफडतोय आणि आपण वर उभं राहून घड्याळ बघायचं? ते आमच्याच्याने व्हायचं नाही." आणि हे तो म्हणतो, ज्याला तू अडवलंस.

येशील का? आईला अजून सांगितलेलं नाही. तिचं तुला माहीतच आहे. घाबरला, हातपाय गळाले, आणि जाणाऱ्यांनाही जाऊ दिलं नाही, हेच ती धरून बसली आहे. मी तिचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. मला काय वाटतं ते विचारू नकोस. आधी ये.

ताई

१९ फेब्रुवारी

ढब्या,

तुझं उत्तर मिळालं. एवढंसं. 'येणार नाही. कोर्समध्ये सांगितलं होतं, हाकाटी करा, पंखा लावा, माणसं अडवा, दोर आणि हवेची नळी असल्याशिवाय उतरू नका. मी तेच केलं. बाकी आठवत नाही.'

शेवटचं वाक्य तू गिरवलं आहेस. न आठवणारी गोष्ट माणूस गिरवत नाही.

त्या सुरक्षेच्या कोर्सला तुला पाठवलं तेव्हा आपण किती हसलो होतो. कोणाला तरी पाठवायलाच हवं होतं, आणि तुझ्यावाचून काम अडत नव्हतं. तू परत आल्यावर तुझे भावोजी तुला प्रोफेसर म्हणायला लागले. "प्रोफेसर, तेवढा पाना द्या. बघा हं, पान्याला हेल्मेट घातलंय ना?" तू चिडायचास, आणि तू चिडलास की ते आणखी म्हणायचे.

पहिला दिवस पार पडला. बाईंची पहिलीच अट, मालक पुढच्या बाकावर. मालक म्हणाले, "मला कशाला? मी थोडाच हौदात उतरणार आहे?"

"तुम्ही उतरणार नाही, उतरवणार. म्हणून तुम्हाला आधी."

मागे कोणीतरी हसलं. मालकांनी वळून पाहिलं तर अख्ख्या मागच्या बाकाला एकदम खोकला आला होता.

मग बाईंनी विचारलं, "आतली हवा चांगली आहे हे तुम्ही कसं ओळखता?"

"नाक लावून," वेल्डर म्हणाला.

हे त्यांना नवीन होतं. त्याने समजावून सांगितलं. झाकण काढायचं, एकाने गुडघ्यांवर बसून हौदाच्या तोंडाशी हुंगायचं. सडक्या अंड्याचा वास आला की थांबायचं. वास गेला की उतरायचं.

"आणि नाक कोणाचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "ताईंच्या मिस्टरांचं," तो म्हणाला. "तसं नाक परत होणे नाही." मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण हे खरं होतं. घरात दूध नासणार हे त्यांना आदल्या दिवशी कळायचं, तुला ठाऊक आहे.

बाई फळ्याकडे वळल्या. काहीतरी लिहिलं, पुसलं. मग सांगितलं की हा गॅस थोडा असेल तर वास येतो. वाढला की तो पहिलं नाक बधिर करतो. माणूस हुंगत राहतो, आणि ज्या क्षणी त्याला वाटतं हवा साफ झाली, त्या क्षणी हवा तशीच असते, गेलेलं असतं ते नाक.

 ढब्या, त्या दिवशी ते किती वेळ वाकले असतील? ते कधी घाई करत नसत. जितकं जपून हुंगत राहिले तितकं नाक मरत गेलं. मग मान वर करून "गेला" म्हणाले असतील. तू शेजारीच उभा होतास. तसंच झालं ना?

बाईंनी टेबलावर एक मीटर ठेवलं. तळहातात मावेल एवढं. गॅस असला की ओरडतं. "तुमच्याकडे आहे?" मालक म्हणाले, "आता मागवलंय."

मी हजेरीवर सह्या घेत फिरत होते. मालकांसमोर कागद धरला, त्यांनी सही केली, मी 'थँक्यू सर' म्हटलं. घरी आल्यावर ते थँक्यू मला रात्रभर दातात अडकल्यासारखं वाटत राहिलं. माझा हात दगडाखाली आहे.

एक विचारायचं राहिलं. खरं तर तेच विचारण्यासाठी हे पत्र आहे. ते लगेच गेले ना? सगळे तसंच सांगतात. पडले ते पडले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. याच एका वाक्यावर मी इतके दिवस काढले. तुझ्या तोंडून एकदा हवं आहे.

ताई

४ मार्च

ढब्या,

तुझं उत्तर आलं नाही. आता नको. मला कळलं.

आज हौदावर सराव होता. कामावरच्या जुन्या बॉयलर सूटमध्ये रद्दी कोंबून बाईंनी एक माणूस केला आणि रिकाम्या, धुतलेल्या हौदात सोडून दिला. सगळ्यांना आधी बजावलं, कोणी उतरायचं नाही. मग त्या एकदम ओरडल्या, "पडला! माणूस पडला!"

वेल्डर पहिला धावला. त्याच्या मागे दोघं. आत रद्दी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, ढब्या. ती कोंबायला हेच तिघं होते. मालकसुद्धा दोन पावलं पुढे गेले. आणि मी खुर्चीवरून उठून उभी होते, कधी उठले ते मला आठवत नाही.

शिडीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर बाईंनी खडूने फुली मारली. "हा मेला. हाही मेला."

"बाई," वेल्डर म्हणाला, "बायको सकाळीच डोळे वटारून गेलीय, त्यात तुम्ही मेला म्हणता. आज जेवायला मिळायचं नाही."

सगळे हसले. तेव्हा मागून पंपवाला बोलला. तो सहसा बोलत नाही. म्हणाला, "त्या दिवशी खडू नव्हता. तो माझ्या छातीवर बसला होता. मी त्याला चावलो, तोंडावर मारलं. खालून आवाज येत होता तरी उठला नाही."

आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

सगळे पांगल्यावर मी पंपापाशी गेले. तो उगाचच एक नट आवळत होता.

"कसला आवाज?"

"सोडा ना ताई."

"कसला?"

"शिडीवर काहीतरी आपटत होतं. पाना असेल त्यांच्या हातातला. मग नुसती घरघर."

"किती वेळ?"

"थोडाच." त्याने नट पुन्हा सैल केला. "तुम्हाला सांगायचं नाही असं त्यानेच आमच्याकडून कबूल करून घेतलं होतं. बंब यायच्या आधीच. म्हणाला, ताईला सांगायचं लगेच गेले."

"काही बोलले?"

त्याने हात पुसले. मी पुन्हा विचारलं. मी विचारायला नको होतं असं मला आत्ता लिहिताना वाटतंय, पण पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा विचारीन.

"एकदा हाक मारली," तो म्हणाला. "प्रोफेसर नाही म्हणाले. ढब्या म्हणाले."

मी पुढे लिहू शकत नाही.

७ मार्च

मागच्या पत्राखाली नाव घालायचं राहिलं. मुद्दाम नाही.

मला वाटत होतं की मी मनातून तुला समजून घेतलं आहे, फक्त तोंडाने म्हणायचं राहिलं आहे. ते खोटं निघालं. तीन दिवस मी कपडे वाळत घालते, जिना उतरते, टेबलावर बसते, आणि सारखं एकच. त्यांनी तुला हाक मारली आणि तू बसून राहिलास. तुला बोट धरून शाळेत नेलं मी, पण सायकल त्यांनी शिकवली. हात सोडला नाही तुझा, तूच ओरडून सांगितलंस तेव्हा सोडला. त्या माणसाने हाक मारली.

आईने विचारलं, "काय झालंय तुला? ताट तसंच." मी म्हटलं, "दात दुखतोय." ती म्हणाली, "मग दातवाल्याकडे जा, भिंतीकडे काय बघतेस?"

काल दुपारी बाई माझ्या टेबलापाशी आल्या. पंपवाल्याने त्यांना सांगितलं होतं. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी तुम्ही बोलाल?"

"मी काय बोलणार?"

"मला माहीत नाही. मी कितीतरी कारखान्यांत हे सांगत आले. लोक माना डोलावतात आणि वेळ आली की उतरतात. माझ्या सांगण्याला वजन नाही. माझं कोणी आत नव्हतं."

मी चिडून म्हटलं, "म्हणजे माझा भाऊ बरोबर होता हे मी उभं राहून सांगू? हाक ऐकून बसून राहिला, शाब्बास, असं?"

त्यांनी आवाज चढवला नाही. "वर थांबला त्याच्यावर तुम्ही रागावलात. समजू शकते. पण त्यांना मीटरशिवाय, दोराशिवाय खाली कोणी पाठवलं? त्याच्यावर कधी रागावलात का?"

शेजारच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं. मालक फोनवर कोणाशी तरी कागदाच्या भावाबद्दल बोलत होते. मी बाईंना काही उत्तर दिलं नाही. पण तुला देते, कारण तुला ते ऐकायचा हक्क आहे. मालकांवर रागवायला मला परवडत नव्हतं. आईचं औषध, घरभाडं, सगळं त्या टेबलावर चालतं. तुझ्यावर परवडत होतं. तू माझा होतास, कितीही रागावले तरी तू मला कामावरून काढणार नव्हतास.

हे लिहून मला बरं वाटलेलं नाही. कळलं म्हणून राग जात नाही. हाक अजून येतेच आहे.

बाईंना उद्या उत्तर द्यायचं आहे. बोलले आणि खोटं बोलले तर लोकांना कळेल. खरं बोलायचं तर माझ्याजवळ काय खरं आहे तेच मला सापडत नाही. आणि नाही बोलले तर हीच माणसं पुढच्या वेळी उतरतील. वेल्डर तर नक्कीच. त्याची बायको मला बाजारात भेटते.

ताई

१४ मार्च

प्रिय ढब्या,

आज मी बोलले. जसं झालं तसं लिहिते, चांगलं वाटावं म्हणून काही घालत नाही.

हौदाजवळच्या शेडमध्ये सगळे बसले होते. मालक पुढच्या बाकावर. मी कागदावर लिहून नेलं होतं, ते हातातच राहिलं. मी म्हटलं, "तुम्ही सगळे मला सांगत आलात की ते लगेच गेले. आता मला कळलंय की नाही गेले. त्यांनी शिडीवर पाना आपटला. माझ्या भावाला हाक मारली. त्याने ती ऐकली आणि तो पंपवाल्याच्या छातीवरून उठला नाही. एका हाताने वेल्डरची पँट धरून ठेवली होती, असं मला काल समजलं."

"फाटली ती," वेल्डर पुटपुटला. कोणी हसलं नाही, तोही नाही.

"मला हे आवडलेलं नाही," मी म्हटलं. "आजही नाही. कोणाला आवडेल? पण हे दोघं इथे बसलेत. यांच्या मुलांच्या वाढदिवसाला मी जाते. ती मुलं मला मावशी म्हणतात."

वेल्डर उभा राहिला.  "ताई, एक विचारू? तुम्ही असता तिथे, तर?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कोणतं उत्तर हवं होतं ते मला माहीत होतं.

"मी उतरले असते," मी म्हटलं. "हाक ऐकली असती आणि उतरले असते. तिसऱ्या पायरीवर मेले असते. ते काही वाचले नसते. आई एकटी राहिली असती, आणि लोक म्हणाले असते, काय जीव होता नवऱ्यावर. म्हणूनच सांगते, त्या वेळी माझ्यासारख्या माणसाचं ऐकू नका. जो अडवतोय त्याचं ऐका. तो तुमचा वैरी वाटेल. वाटू द्या."

मग मी मालकांकडे वळले. हे मी कागदावर लिहिलेलं नव्हतं. "आणि सर, ते मीटर तेव्हा असतं तर माझ्या भावाला कोणाच्या छातीवर बसावं लागलं नसतं. तो अडवत होता ते काम तुमचं होतं. खाली जायच्या आधी अडवायचं."

मालकांचा चेहरा पांढरा पडला.  बाईंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आज याच्यापुढे मी काही शिकवणार नाही." माणसं उठली तरी जाईनात. पंपवाला तोंड फिरवून उभा होता, खांदे हलत होते.

संध्याकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "ताई, चार लोकांत असं बोलायचं म्हणजे..."

मी म्हटलं, "काढायचं असेल तर लेखी द्या सर. पत्रव्यवहार माझ्याकडेच आहे, मीच टाइप करून देते."

ते खिडकीबाहेर हौदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला अजून झोप लागत नाही." मला त्यांची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं. मी दार लावून घेतलं आणि टेबलावर येऊन बसले. उद्या टेबल राहील की नाही ते माहीत नाही.

ढब्या, तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. माफ करायला तू काहीतरी केलेलं असावं लागतं. तू इतकी वर्षं ती हाक एकट्याने ऐकत राहिलास, मला ऐकू येऊ नये म्हणून. आणि आम्ही तुला घाबरट म्हणवून घेऊ दिलं. मी घेऊ दिलं. तू एक शब्द बोलला असतास तर आईचं तोंड बंद झालं असतं, पण मग मला कळलं असतं. हे माझ्या आत्ता लक्षात येतंय, लिहिता लिहिता.

आता ती हाक मलाही येते. दोघांत वाटली म्हणून कमी होईल असं मला वाटत नाही. पण ती आली की तुला कोणाला तरी सांगता येईल. नंबर पंपवाल्याकडून घेतलाय. माझा आवाज चढला तर चढू दे.

तुला ये म्हणत नाही. अजून एक जण आहे जिला आधी कळायला हवं.

ताई

रोजनिशीत, उद्याच्या पानावर: सकाळचा चहा झाला की आईजवळ बसून तिला सगळं सांगायचं. हाकेसकट.